नाटकात उमेदवारी करायचीय, पण फुकट नाही: नाशिकच्या नवख्यांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेत एक-दोन भूमिका झाल्या, कॉलेजच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं, आणि आता हेच काम करावं असं डोक्यात घोळतंय. नाशिकमध्ये या टप्प्यावर आलेल्या मुलामुलींना साधारण तीन प्रकारची बोलावणी येतात. पहिलं, "अभिनयाचं शिबिर आहे, फी भर आणि ये." दुसरं, "तालमीला येत जा, आपोआप शिकशील." तिसरं क्वचित येतं: "सहा महिने माझ्या हाताखाली काम कर. मी शिकवीन आणि महिन्याला एवढे देईन."

हा लेख त्या तिसऱ्या बोलावण्याचा, म्हणजे कुणाच्या हाताखाली काम करत शिकण्याच्या उमेदवारीचा आहे. ते कुठे मिळतं, कसं मागायचं आणि मिळाल्यावर कागदावर काय उतरवून घ्यायचं, एवढंच यात आहे. शिबिरांशी माझं वैर नाही. आवाज, देहबोली, मंचावरची भीती जाणं, यासाठी चांगलं शिबिर उपयोगी पडतं. पण शिबिराच्या शेवटचा प्रयोग बघायला आईवडील आणि मावश्या येतात. तिकीट काढून आलेल्या माणसासमोर दुसऱ्या अंकात दिवा पेटला नाही तर काय करायचं, हे तिथे कळत नाही.

मी प्रकाशयोजनेच्या बाजूने शिकत आले, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. अभिनय, नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी यांना बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

१. कशाची उमेदवारी, हे आधी ठरवा

"मला नाटकात काम करायचंय" एवढंच सांगितलंत की समोरचा धरून चालतो की तुम्हाला भूमिका हवी आहे. भूमिकेसाठी रांग कायम लांब असते, आणि जिथे रांग लांब तिथे पैसे देऊन कुणी शिकवत नाही. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या आडच्या बाजूला, मात्र उलटी परिस्थिती आहे. दिवे टांगणारे, संगीत ऑपरेट करणारे, सेट लावणारे, रंगभूषेला हात देणारे, प्रयोगाचा हिशेब ठेवणारे लोक कमी पडतात. शिवाय हे हात फक्त नाटकाला लागत नाहीत. कालिदास कलामंदिरात आज नाटक, उद्या नृत्यशाळेचा कार्यक्रम, परवा गाण्यांची मैफल. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग सुरू झाली की ज्याला चार दिवे नीट लावता येतात त्याचा फोन थांबत नाही. म्हणून पैसे देऊन शिकवणारा माणूस या बाजूला सापडण्याची शक्यता जास्त.

अभिनयच करायचा असेल तरी मी हेच सांगेन: पहिली उमेदवारी विंगेतली घ्या, पण तालमीत बसण्याची मुभा मागून घ्या. वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत (वेशभूषा, दिवे, संगीतासकट होणारी शेवटची तालीम) एक नाटक उभं राहताना बाजूला बसून पाहिलं की कुठला नट शब्द पाठ करतोय आणि कुठला ऐकतोय हे आपोआप दिसायला लागतं. आणि एखाद्या दिवशी कुणी आजारी पडला, तर सगळी एंट्री-एक्झिट पाठ असलेला माणूस विंगेतच उभा असतो. बदली कलाकार म्हणून संधी मिळालेल्यांची कमतरता नाही.

एक काम लोक फार खालचं समजतात, ते म्हणजे निर्मिती व्यवस्था. नाट्यगृहाची तारीख मिळवणं, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे की नाही बघणं, तिकिटांचा हिशेब, टेम्पो, जेवण, सगळ्यांची पाकिटं. हे शिकलेला माणूस पुढे स्वतःचं नाटक स्वतः उभं करू शकतो. बाकीचे निर्मात्याची वाट बघत बसतात.

२. पैसा कुठून येणार, ते समजून घ्या

हे न विचारता होकार देऊ नका. "मानधन देतो" म्हणणाऱ्याकडे ते येतं कुठून, यावर ते वेळेवर मिळणार की नाही हे ठरतं. नाशिकमधल्या नवख्याला दिसणारे मार्ग हे:

केंद्र सरकारचं गुरू-शिष्य परंपरा अनुदान. संस्कृती मंत्रालयाची ही योजना जुनी आहे. अर्ज संस्था करते, तुम्ही नाही. नाट्यसंस्थेला एक गुरू आणि जास्तीत जास्त अठरा शिष्यांपर्यंत मदत मिळू शकते. गुरूला महिना १५,००० रुपये आणि १८ वर्षांवरच्या शिष्याला महिना १०,००० रुपये असा दर आहे. लहान वयाच्या शिष्यांना त्याहून कमी. ऐकायला छान वाटतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. संस्था नोंदणीकृत, हिशेब तपासलेली आणि सातत्याने काम करणारी लागते, म्हणजे मित्रामित्रांचा ग्रुप यात बसत नाही. आणि सरकारी अनुदान महिन्याच्या एक तारखेला येत नाही, कधी बरेच महिने थांबून एकदम येतं. तोवर पेट्रोलचं काय, हे संस्थेला सरळ विचारा.

तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती. हीदेखील संस्कृती मंत्रालयाचीच, पण इथे अर्ज तुम्ही स्वतः करता. वय १८ ते २५. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. देशभरात दरवर्षी जास्तीत जास्त ४०० जणांना, आणि त्यात संगीत, नृत्य, चित्रकला असे सगळेच प्रकार येतात, फक्त नाटक नाही. अडचणीची अट अशी की गुरूकडे किमान पाच वर्षं शिकत असल्याचं दाखवावं लागतं आणि गुरूची सही लागते. म्हणजे बालनाट्यापासून एखाद्याकडे शिकत आलेल्यांनी हा अर्ज जरूर करावा, कालपरवा सुरुवात केलेल्यांनी यावर विसंबू नये. पंचवीस ओलांडलेल्यांसाठी मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. तिथे वय २५ ते ४० आणि महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. पण ती एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठी असते, शिकाऊ माणसासाठी नाही.

ग्रुपची स्वतःची कमाई. नाशिकमध्ये खरं मानधन इथूनच येतं. जे ग्रुप फक्त स्पर्धेची नाटकं करतात त्यांच्याकडे द्यायला काही नसतं. बहुतेकदा दिग्दर्शकच स्वतःच्या खिशातून सेट उभा करत असतो. जे ग्रुप बाहेरची कामं घेतात त्यांच्याकडे थोडंफार खेळतं भांडवल असतं. बाहेरची कामं म्हणजे शाळांची गॅदरिंग, जनजागृतीची पथनाट्यं, बँकांचे आणि कंपन्यांचे वर्धापनदिन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आसपास सुरक्षेवरची पथनाट्यं होतात, हे अनेक होतकरू नटांना माहीतच नसतं. हेल्मेट, हातमोजे, मशीनला गार्ड लावणं असे विषय, कॅन्टीनच्या बाहेर पंधरा मिनिटांचा खेळ, आणि समोर शिफ्ट संपवून घरी जायच्या घाईतला प्रेक्षक. ज्याने हा प्रेक्षक धरून ठेवला त्याला कालिदासचा प्रेक्षक जड जात नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात कार्यक्रमांची कामंही वाढतील. त्या गर्दीत तोंडी बोलीवर काम करणाऱ्यांचे पैसे सगळ्यात आधी बुडतील, असा माझा अंदाज आहे.

मुंबईची व्यावसायिक नाटकं. शनिवार-रविवारी मुंबईची नाटकं नाशिकला येतात. त्यांची रंगमंच व्यवस्थेची माणसं सोबत असतात, पण सेट उतरवायला-चढवायला, तिकीट खिडकीला, स्थानिक संयोजकाला हात लागतो. ही रोजंदारी आहे, मार्गदर्शन नाही. तरी एक-दोनदा करून बघा. अख्खा सेट दुपारी येऊन संध्याकाळी उभा कसा राहतो आणि रात्री टेम्पोत परत कसा बसतो, हे पाहणं हेच शिक्षण आहे.

३. आधी माणूस शोधा, संस्था नंतर

मोठ्या नावाची संस्था आणि शिकवायला वेळ नसलेला माणूस, ही जोडी नवख्याला काही देत नाही. म्हणून आधी काम बघा. राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्रावरची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर सुरू होते. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह, म्हणजे आपलं पसा, आणि कालिदास, या दोन जागा त्या काळात रोज संध्याकाळी धरून ठेवा. तिकीट नाममात्र असतं. लोकसत्ताच्या लोकांकिका स्पर्धेची नाशिक विभागाची फेरी बघा, कामगार कल्याण मंडळाचा नाट्यमहोत्सव बघा. कुसुमाग्रज स्मारकातले, रावसाहेब थोरात सभागृहातले छोटे प्रयोगही सोडू नका. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, २७ फेब्रुवारी ही कुसुमाग्रजांची जयंती, २७ मार्च जागतिक रंगभूमी दिन. या तीन दिवसांच्या आसपास शहरातली नाटकवाली मंडळी एका ठिकाणी भेटतात.

वहीत नाटकाच्या नावापुढे प्रकाशयोजना, नेपथ्य, संगीत, रंगभूषा कुणाची ते लिहीत जा. सलग काही आठवडे पाहिलंत की एक-दोन नावं पुन्हा पुन्हा यायला लागतात. त्यांच्यापैकी कुणाच्या हाताखाली आधी कोण होतं ते शोधा आणि त्या माणसाला तीन गोष्टी विचारा: पैसे ठरलेल्या तारखेला मिळाले का? शेवटी तुला एकट्याला काय करता यायला लागलं? तू सोडलंस तेव्हा बोलणं चालू राहिलं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस थांबला, तर त्या थांबण्याकडे लक्ष द्या.

ओळख करून घ्यायची वेळही महत्त्वाची आहे. पडदा पडल्या पडल्या विंगेत जाऊन बायोडेटा देऊ नका. नाट्यगृह रिकामं करायची वेळ झालेली असते, डोक्यावर सेट उतरवण्याचं काम असतं. त्यापेक्षा "हात लावू का?" विचारा आणि फ्लॅट (सेटच्या भिंतीची चौकट) उचला. केबल नीट गुंडाळून दिलीत तर तुमचा चेहरा लक्षात राहतो. पिळा पडू न देता केबल गुंडाळता येणं हे आमच्याकडे ओळखपत्रच मानतात.

४. पहिला मेसेज

फोन करण्याआधी मेसेज करा, कारण ही माणसं दिवसा नोकरीत आणि संध्याकाळी तालमीत असतात. व्हॉइस नोट पाठवू नका. असं काहीतरी लिहा:

"नमस्कार सर, मी अमुक, सिडकोत राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्पर्धेत तुमच्या अमुक नाटकाची प्रकाशयोजना पाहिली. दुसऱ्या अंकात खिडकीतला प्रकाश हळूहळू कमी होत गेला, तो कसा केलात हे समजून घ्यायचंय. मला प्रकाशयोजना शिकायची आहे. जून ते नोव्हेंबर, आठवड्यातून चार संध्याकाळी मी येऊ शकते. सहायक म्हणून काम देऊन शिकवाल का? प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळालं तर मला नियमित येणं जमेल. भेटायला कधी येऊ?"

यात कौतुक एकाच नेमक्या गोष्टीचं आहे, वेळ स्पष्ट आहे आणि पैशाचा उल्लेख पहिल्याच मेसेजमध्ये आहे. अनेकांना वाटतं पैशाचं नंतर बोलू, आधी ओळख तर होऊ दे. ओळख झाल्यावर ते बोलणं जास्त अवघड होतं. तोवर सर 'दादा' झालेले असतात, त्यांच्या घरी तुम्ही पोहे खाल्लेले असतात.

५. जवळ काय काय हवं

कागदपत्रं:
– आधार आणि पॅन, झेरॉक्ससह
– स्वतःच्या नावाचं बँक खातं. वडिलांच्या खात्यावर मानधन घेऊ नका, पुढे पुरावा राहत नाही
– शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका
– आधी केलेल्या नाटकांची यादी: नाटक, संस्था, तुमचं काम, तारीख, नाट्यगृह
– स्पर्धेची प्रमाणपत्रं, जाहिरातीची किंवा श्रेयनामावलीची कात्रणं, प्रयोगाचे फोटो
– १८ पेक्षा कमी वय असेल तर पालकांचं संमतीपत्र

सामान:
काळा टी-शर्ट आणि काळी पँट, रबरी सोलचे बूट (चप्पल घालून शिडीवर चढू नका), छोटी टॉर्च, इन्सुलेशन टेप, जागा आखायला रंगीत टेप, मार्कर, पेन्सिल, सेफ्टी पिना, सुई-दोरा, पाण्याची बाटली. दिव्यांवर काम करायचं असेल तर जाड हातमोजे, कारण जुने हॅलोजनचे दिवे बंद केल्यावरही बराच वेळ तापलेले असतात. मेन लाइनला मात्र नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावायचा नाही. तुम्हाला येत असलं तरी.

झेरॉक्स देताना एक सवय लावून घ्या. कागदावर आडवं लिहा: "फक्त अमुक संस्थेच्या अमुक अर्जासाठी", खाली तारीख आणि सही. कारण पुढे सातव्या मुद्द्यात येईल.

६. कागदावर काय हवं

नाटकात सगळं विश्वासावर चालतं, असं तुम्हाला सांगितलं जाईल. विश्वास असतो, मान्य. म्हणूनच एका पानाचं पत्र द्यायला कुणाला अडचण नसावी. वकील नको, लांबलचक करार नको. संस्थेच्या लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर दोघांच्या सह्या पुरेत. तेही जमत नसेल तर ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि समोरून "मान्य" येईपर्यंत तालीम सुरू करू नका.

मजकूर साधारण असा:

"श्रीमती अमुक या दि. __ ते दि. __ या काळात प्रकाशयोजना सहायक म्हणून काम करतील. आठवड्यातून __ दिवस, संध्याकाळी __ ते __. दरमहा मानधन रु. __, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत बँक खात्यात. प्रयोगाच्या दिवशी वेगळा भत्ता रु. __. नाशिकबाहेरच्या प्रयोगांचा प्रवास, जेवण व मुक्काम संस्थेकडे. या काळात त्यांना क्यू शीट (कोणत्या क्षणी कोणता दिवा, याची यादी) तयार करणे, दिव्यांची मांडणी व फोकस, डिमर बोर्ड (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे यंत्र) चालवणे हे शिकवले जाईल. तिसऱ्या महिन्यापासून किमान एका प्रयोगाचा बोर्ड त्या मार्गदर्शकांच्या उपस्थितीत स्वतः चालवतील. श्रेयनामावलीत, पत्रिकेत व प्रयोगापूर्वीच्या घोषणेत 'प्रकाशयोजना सहायक' म्हणून नाव. परीक्षेच्या काळात सुट्टी. कुणालाही थांबायचे असल्यास १५ दिवस आधी सांगावे."

यातलं "शिकवले जाईल" हे वाक्य लोक सर्रास विसरतात. मानधन, वेळ, नाव, सगळं लिहून होतं, पण शिकायचं काय ते राहून जातं. मग सहा महिने चहा आणणं, प्रॉपर्टीची (प्रयोगात वापरायच्या वस्तूंची) पेटी सांभाळणं आणि मध्यंतरात वडे मोजणं यात निघून जातात. मानधन मिळतंय म्हणून तक्रारही करता येत नाही. चहा आणण्यात कमीपणा नाही, आम्ही सगळ्यांनीच आणला आहे. पण त्याच्या जोडीला कोणत्या महिन्यात हातात काय येणार, हे लिहिलेलं असलं की मार्गदर्शकालाही आठवण राहते. अभिनयाची उमेदवारी असेल तर तिथे "अमुक भूमिकेसाठी बदली कलाकार म्हणून तयारी, महिन्यातून एक पूर्ण तालीम त्या भूमिकेत" असं लिहा. नेपथ्याची असेल तर आराखडा काढण्यापासून सुताराशी बोलण्यापर्यंत कुठे कुठे सोबत नेणार, ते लिहा.

आकडा किती मागायचा? याला ठरलेला दर नाही, पण खालची रेघ काढता येते. समजा तुम्ही सिन्नरहून येता. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. महिन्याला वीस फेऱ्या धरल्या तर १,२०० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल तर २४ लिटर पेट्रोल, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. अशा वेळी ३,००० रुपये मानधन ठरलं तर ते मानधन नाही, पेट्रोलचे पैसे आहेत. म्हणून प्रवासखर्च वेगळा आणि मानधन वेगळं बोला. रकमा छोट्या असल्या तरी चालतील, पण त्या वेगळ्या असू द्या. आणि महिन्याचे पैसे प्रयोगावर अवलंबून ठेवू नका. "प्रयोग झाले की बघू" म्हणजे पावसाळ्यात काहीच नाही.

७. फसण्याच्या जागा

परत मागितलेले पैसे. अनुदानाची रक्कम तुमच्या खात्यात येते आणि मग सांगितलं जातं की यातले निम्मे रोख आणून दे, संस्थेला खर्च असतो. हे सरळ चुकीचं आहे. कागदोपत्री तुम्ही पूर्ण रक्कम घेतलेली असते, सही तुमची असते. "संस्थेला देणगी द्यायची असेल तर पावती घेऊन स्वेच्छेने देईन," असं नम्रपणे सांगा. पावतीचं नाव काढलं की विषय बहुधा संपतो.

नुसतं नाव टाकणं. "तुझं नाव शिष्यांच्या यादीत टाकतो, आधार आणि पासबुकची झेरॉक्स दे." तालीम नाही, शिकवणं नाही, महिन्यातून एकदा हजेरीवर सह्या. उद्या तपासणी झाली तर खोट्या हजेरीवर तुमची सही सापडेल. झेरॉक्सवर कारण लिहून ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

आधी पैसे भरा. निवडीसाठी फी, फोटोशूटसाठी फी, "मालिकेत नक्की काम" यासाठी अनामत. जिथे पैसे तुमच्याकडून तिकडे जातात तिथे तुम्ही उमेदवार नसता, गिऱ्हाईक असता. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा भेटला तर त्याच पावली परत या.

दोन वर्षांचा बंध. "इतके महिने शिकवतो, पण पुढे दोन वर्षं दुसऱ्या कुणाकडे काम करायचं नाही." एकाच नाटकाच्या तारखांना बांधून घेणं समजू शकतं, अख्ख्या शहरात काम न करण्याचं वचन देऊ नका.

एकाच मोसमात दोन ग्रुप. हा सापळा आपणच आपल्यासाठी लावतो. स्पर्धेच्या दिवसांत सगळ्यांनाच माणसं हवी असतात आणि नाही म्हणायला जीभ वळत नाही. नाशिकचं नाटकाचं वर्तुळ लहान आहे. एका ग्रुपच्या रंगीत तालमीला दांडी मारली की ते पसाच्या बाहेरच्या चहावाल्यालासुद्धा कळतं.

८. रात्रीचा प्रश्न

तालमी संध्याकाळी सुरू होतात आणि संपायची वेळ कुणी सांगत नाही. प्रयोगाच्या दिवशी सेट उतरवून निघेपर्यंत मध्यरात्र होते. शहर बस तोवर बंद झालेली असते, आणि नाशिकरोड, पाथर्डी फाटा किंवा ओझरला एकटीने जायचं तर घरच्यांचा जीव टांगणीला. म्हणून वेळ ठरवतानाच विचारा: दहानंतर थांबायचं असेल तर घरी कोण सोडणार? हा प्रश्न मुलींनीच विचारावा असं नाही. घरच्यांना एकदा तालमीच्या जागी घेऊन या, मार्गदर्शकांशी बोलू द्या. अर्ध्या कटकटी तिथेच संपतात.

आणखी एक गोष्ट मुलींना ठाऊक असायलाच हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त पगारी नोकरांपुरता नाही. प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार त्यात येतात, मानधन मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर संस्थेची अंतर्गत समिती असायला हवी. त्याहून छोटा ग्रुप असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुदत घटनेपासून तीन महिने आहे, म्हणून तारखा लिहून ठेवा. "शिकवण्याचा भाग" म्हणून बंद खोलीत एकट्याने तालीम, रात्री उशिराचे वैयक्तिक मेसेज, अशा गोष्टी नाटकाच्या गरजा नसतात. चांगले दिग्दर्शक दार उघडं ठेवून काम करतात.

९. चालू असताना वही ठेवा

रोजच्या पानावर तारीख, किती वेळ होतात, काय केलंत, काय शिकलात. क्यू शीटची प्रत, दिव्यांच्या मांडणीची आकृती, सेटचा फोटो. श्रेयनामावलीचा फोटो त्याच दिवशी काढा, पुढच्या प्रयोगात ती बदललेली असते. पैसे आले की खात्यातली नोंद पाहून महिन्यासमोर टिकमार्क करा. कुणी टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या संकेतस्थळावर बघा. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि नवख्यांचे पैसे असे फुकट पडून राहतात.

महिन्यातून एकदा मार्गदर्शकांना अर्धा तास मागा, तालमीच्या बाहेर, चहावर. त्या वेळी पत्रातला शिकण्याचा मुद्दा काढा. रागाने नाही: "सर, बोर्डावर बसायचं राहिलंय, पुढच्या प्रयोगाला बसू का?"

१०. मुदत संपल्यावर

प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यातच मागा. "नाट्यक्षेत्रात उत्तम काम केले" असल्या मजकुराचा उपयोग नाही. कालावधी, पद, नाटकांची नावं, प्रयोगांच्या तारखा आणि कोणतं काम स्वतंत्रपणे केलं, हे त्यात हवं. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या. त्यांना सही करणं सोपं जातं.

पुढे शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे ठरलेले रस्ते आहेत. दिल्लीला पदवी लागते आणि आधीच्या नाट्यप्रयोगांतला सहभागही दाखवावा लागतो. तेव्हा ती वही आणि हे प्रमाणपत्र बाहेर काढाल. तालमींच्या नादात कॉलेज सुटलेल्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करावी. ते नाशिकमध्येच आहे, त्यामुळे चौकशीसाठी लांब जावं लागत नाही.

मुंबईच्या व्यावसायिक नाटकाचं काम आलं तर पैसे 'नाइट'वर, म्हणजे दर प्रयोगामागे ठरतात. सगळे तो आकडा वाढवून घेण्याच्या मागे लागतात. पण पंचवटी एक्सप्रेस सकाळी मुंबईला नेते आणि संध्याकाळीच परत निघते. रात्रीच्या प्रयोगाचा पडदा पडतो तेव्हा ती नाशिकरोड सोडून पुढे गेलेली असते. मुंबईत रोज खोली घेऊन राहायचं ठरलं तर नाइटचे पैसे त्यातच संपतात. म्हणून आकड्याच्या आधी मुक्कामाचं विचारा: रात्री कुठे झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रद्द झाला तर परतीचं भाडं कोण देणार.